आमच्या बाजीचं पिल्लू मिळणार नाही

साताऱ्यात चांगल्या अंगाचा जर्मन शेफर्ड पाळला की जोडी लावण्यासाठी विचारणा येणारच. आमच्याकडेही येते. कधी फलटणकडून फोन येतो, कधी कोरेगावचे एखादे बागायतदार मोबाइलमध्ये मादीचा फोटो घेऊन दारात उभे राहतात. बोली ठरलेली असते : "ताई, एक पिल्लू तुमचं. तुम्हाला आवडेल ते आधी उचला." मी त्यांना आत बोलावते, चहा देते, बाजीचा पुढचा पंजा हातात घेऊन त्यांना दाखवते आणि नाही म्हणते. बहुतेकांना ते पटत नाही. "एवढं नखांचं काय घेऊन बसलात? पिल्लांना थोडंच होतंय?" असं म्हणून ते उठतात. त्या प्रश्नाचं उत्तर एकदा नीट द्यावं म्हणून हे लिहिते आहे. आपल्याकडे जातिवंत कुत्री ज्या पद्धतीने जन्माला घातली जातात आणि विकली जातात, त्यात हा प्रश्न कुणी गंभीरपणे घेताना मला दिसत नाही.

आधी रोगाबद्दल. नाव लांबलचक आहे : सिमेट्रिकल ल्युपॉइड ऑनिकोडिस्ट्रॉफी. डॉक्टर एसएलओ म्हणतात. कुत्र्याच्या नखाच्या आत हाडाचं टोक असतं, त्याभोवती रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंनी भरलेला जिवंत भाग, आणि त्यावर कठीण कवच. हे कवच ज्या पेशींतून वाढतं, त्यांच्यावरच या रोगात शरीराची प्रतिकारशक्ती उलटते. कवचाची पकड सुटते आणि पेनाचं टोपण निघावं तसं ते अख्खंच्या अख्खं निघून येतं. खाली उरतो तो उघडा, लालभडक, ओलसर भाग. सुरुवात एकदोन नखांपासून होते आणि काही आठवड्यांत चारही पायांची जवळजवळ सगळी नखं जातात. पुढच्या पायांना अंगठ्यासकट पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार, अशी 18. पुन्हा येतात ती आखूड, वेडीवाकडी, पापुद्रे सुटणारी. बाकी कुत्रं धडधाकट असतं. ताप नाही, भूक चांगली, रक्ताच्या तपासणीतही बहुधा काही निघत नाही. साधारण तिसऱ्या ते आठव्या वर्षाच्या दरम्यान, ऐन उमेदीत, हा रोग गाठतो.

बाजीच्या बाबतीत पहिलं नख माझ्या सासूबाईंना केर काढताना सापडलं. सोफ्याखाली पडलेलं. काळं, पोकळ, आतून तपकिरी रक्त वाळलेलं, आणि त्याला एक कुबट वास. कुठेतरी अडकून तुटलं असेल असं घरात सगळ्यांना वाटलं, आणि ते साहजिकही होतं. पण तो रात्रभर पंजे चाटत राहायचा. अजिंक्यताऱ्याच्या चढणीवर सगळ्यांच्या पुढे धावणारा कुत्रा फाटकापाशीच बसून राहू लागला. जवळच्या दवाखान्यात आधी जखम समजून मलमपट्टी झाली, मग बुरशी समजून पावडर, मग प्रतिजैविकांचा एक कोर्स आणि त्यामागोमाग दुसरा. मधल्या काळात नखं पडतच होती. शेवटी पुण्यातल्या एका त्वचारोग बघणाऱ्या पशुवैद्यांनी त्याला टेबलावर आडवा केला आणि चारही पंजे एकाशेजारी एक धरून बघितले. मग म्हणाल्या, "एका पायाचं एक नख गेलं तर मार लागलाय असं समजा. चारही पायांची जातायत म्हणजे हे आतून आहे." हे वाक्य प्रत्येक कुत्रेवाल्याला माहीत असायला हवं, असं मला तेव्हापासून वाटतं. कुत्र्याचे किती विनाकारण कोर्स त्याने टळतील!

खात्रीची तपासणी म्हणजे एका बोटाचं शेवटचं पेर, बहुतेक वेळा अंगठ्याचं, नखासकट काढून प्रयोगशाळेत पाठवायचं. आम्ही ती केली नाही. बुरशी आणि जंतूंच्या तपासण्या करून ती कारणं बाजूला काढली, वय, जात आणि पंजांची अवस्था बघून निदान केलं आणि उपचार सुरू केले. ही पद्धत आता बरेच डॉक्टर स्वीकारतात, आणि ती मला योग्य वाटते. लोंबकळणारी नखं मात्र भूल देऊन काढावी लागली.

घरात हा रोग सगळ्यात आधी कळला तो सासूबाईंना. त्यांना वीसेक वर्षांपासून आमवात आहे. डॉक्टरांनी सांगितलेलं मी घरी येऊन सांगू लागले, तर त्या मध्येच म्हणाल्या, "म्हणजे माझ्यासारखंच. आपलंच शरीर आपल्याला खातंय." त्यांची बोटं आणि बाजीची बोटं, दोन्हीकडे कारण त्याच जातीचं. तेव्हापासून बाजीच्या गोळ्यांची वेळ त्यांच्याकडे आहे आणि ती कधी चुकत नाही.

औषधं ऐकायला साधी आहेत. मासळीच्या तेलाच्या कॅप्सूल, व्हिटॅमिन ई, डॉक्सिसायक्लिन आणि त्याच्या जोडीला नायसिनामाइड. काही कुत्र्यांना पेंटॉक्सिफायलिन देतात. फारच पेटलं तर स्टेरॉइड किंवा सायक्लोस्पोरिनपर्यंत जावं लागतं. यात दोन गोष्टी डॉक्टरांनी आम्हाला बजावून सांगितल्या. तेल माशाच्या अंगाचं हवं, कॉड लिव्हरचं नको, कारण त्यात अ आणि ड जीवनसत्त्वं फार असतात आणि मोठ्या मात्रेत ती बाधतात. आणि गोळी नायसिनामाइडचीच हवी. नुसतं नायसिन वेगळं. औषधाच्या दुकानात ही पाकिटं शेजारीशेजारी असतात.

कठीण आहे ते वाट बघणं. औषध लागू पडतंय की नाही हे कळायलाच तीन-चार महिने जातात, आणि नख मुळापासून टोकापर्यंत नवं यायला सहा ते आठ. तेवढ्या काळात घरचे, शेजारचे, पाहुणे सगळे डॉक्टर बदलायला सांगतात. आम्ही बदलला नाही. पहिलं चांगलं नख आलं ते मागच्या डाव्या पायाचं. मुळाशी नवा, गुळगुळीत, काळा भाग आणि पुढे जुना भुसभुशीत, मधली रेघ स्पष्ट दिसत होती. सासूबाईंनी चष्मा लावून ती रेघ बघितली आणि आतून गुळाचा खडा आणून सगळ्यांच्या हातावर ठेवला.

औषध बंद केलं की रोग पुन्हा डोकं वर काढू शकतो, म्हणून आमच्या घरात हे आता कायमचं आहे. सकाळी भाकरीच्या कुस्कऱ्यावर तेलाची कॅप्सूल फोडायची. आठवड्याला नखांची टोकं विजेवर चालणाऱ्या छोट्या ग्राइंडरने घासायची, कारण वाढलेलं नख चिरलं की पुन्हा मुळापासून उचकटतं. कात्री या नखांना चालत नाही, दाब बसला की ती फुटतात. ग्राइंडर चालू झाल्यावर बाजी कान मागे टाकतो, पण पंजा काढून घेत नाही. मी अंगठ्याने त्याच्या बोटाच्या गादीवर हलकं दाबते, नख पुढे येतं, तीन-चार सेकंद घासते, थांबते, कारण सलग घासलं तर नख तापतं. पांढरी भुकटी माझ्या मांडीवर साठते. फरशीवर त्याचे पाय सरकायचे, म्हणून हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत गोणपाटाच्या पट्ट्या टाकल्या आहेत. पावसाळ्यात, म्हणजे आमच्या साताऱ्यात चांगले चार महिने, प्रत्येक फेरीनंतर बोटांच्या बेचक्यांतून पुसून कोरडं करायचं, नाहीतर कमकुवत नखाच्या मुळाशी जंतू शिरतात. हे सगळं जमतं. कुत्रा खुशीत आहे, मातीच्या मैदानावर धावतो, चेंडू आणतो. हा रोग झाला म्हणून कुणी आपलं कुत्रं मारून टाकायचा किंवा देऊन टाकायचा विचार करत असेल, तर त्याने तो करू नये असं मी कळकळीने सांगेन.

आणि तरीही मी जोडीला नाही म्हणते. एसएलओ संसर्गाने पसरत नाही, पण काही जातींत आणि काही वंशांत तो ठळकपणे दिसतो. 2010 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांच्या पुढाकाराने गॉर्डन सेटर, बिअर्डेड कोली आणि जायंट श्नाउझर या जातींचा अभ्यास झाला. प्रतिकारशक्तीचं काम ठरवणाऱ्या जनुकांचे काही ठराविक प्रकार ज्या कुत्र्यांत होते, त्यांना हा रोग होण्याचा धोका जास्त आढळला. जर्मन शेफर्ड त्या अभ्यासात नव्हता, पण हा रोग ज्या जातींत वारंवार दिसतो त्यांत तो आहेच. ही जात 1899 मध्ये माक्स फॉन श्टेफानिट्झ यांनी मोजक्या कुत्र्यांपासून उभी केली. थोड्या पूर्वजांपासून वाढलेल्या घराण्यात चांगले गुण जसे पक्के होतात, तसे दोषही होतात. बाजीच्या प्रत्येक पिल्लाला हा रोग होईलच असं नाही, हे मला मान्य आहे. त्याचं गणित इतकं सरळ नाही. पण ज्या पिल्लाला होईल ते तेव्हा चार-पाच वर्षांचं असेल, शेतावरच्या घरात साखळीला असेल, आणि रोज त्याचे पंजे हातात घ्यायला तिथे कुणी असेल याची हमी मला एकही बागायतदार देऊ शकलेला नाही. बाजीची आम्ही नसबंदी करून घेतली. तरी फोन येतात.

खरी अडचण वयाची आहे. मादी दीड-दोन वर्षांची झाली की पिल्लं घेतली जातात आणि नर त्याहून लवकर वापरला जातो. रोग दिसायला लागतो तोवर त्या जोडीची तीन-चार वेतं घरोघर पोचलेली असतात. श्वान प्रजनन आणि विक्रीचे केंद्र सरकारचे नियम 2017 पासून आहेत. पिल्लं काढून विकणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता कामा नये, असं त्यांत स्पष्ट आहे. आमच्याकडे जोडीसाठी आलेल्यांपैकी नोंदणी असलेला एकही माणूस मला भेटलेला नाही. पिल्लं व्हॉट्सॲपवरच्या फोटोंवर ठरतात आणि एसटी स्टँडच्या बाहेर बास्केटमधून हातात दिली जातात. आई कुठे आहे, कशी आहे, हे घेणारा विचारत नाही आणि विकणारा सांगत नाही.

नियम राबवणं हे सरकारचं काम आहे, आणि जिल्ह्याच्या पशुसंवर्धन खात्याने निदान नोंदणीकृत लोकांची यादी लावावी, एवढं तरी ताबडतोब करता येण्यासारखं आहे. पण तोवर सगळा जोर घेणाऱ्याच्याच हातात आहे. पिल्लाची आई समोर बघायला मागावी. तिचे चारही पंजे उलटून बघावेत : नखं सारख्या लांबीची आहेत का, तुटकी, पोकळ, वेडीवाकडी आहेत का, ती पंजे चाटते का. आईबाप तरुण असतील तर आजी-आजोबांची, आईबापांच्या आधीच्या वेतातल्या भावंडांची चौकशी करावी. ती आता पाच-सहा वर्षांची असतील, तर त्यांच्याकडूनच खरी माहिती मिळेल. विकणारा टाळाटाळ करू लागला तर पैसे खिशातच ठेवावेत.

आमच्या समोरच्या घरातला मुलगा नुकताच नोकरीला लागला आणि त्याला जर्मन शेफर्डच हवा आहे. लहानपणापासून तो बाजीबरोबर खेळलेला. कराडजवळच्या एका माणसाकडे पिल्लं आहेत असं कळल्यावर तो जायच्या आधी आमच्याकडे आला आणि ओट्यावर बसून बाजीचे पंजे नीट बघून गेला. तिथे त्याने पिल्लांची आई दाखवा म्हटलं, तर ती दुसऱ्या गावाला आहे असं उत्तर मिळालं. वडलांचा फोटो होता, पंजे गवतात बुडालेले. तो पिल्लू न घेता परत आला. आता त्याने सांगलीतल्या एका जुन्या कुत्रेवाल्याचा नंबर मिळवला आहे. त्याच्याकडे मादीच्या मागच्या तीन पिढ्यांची वही आहे म्हणे, आणि तिची आई आठ वर्षांची असून त्याच्याच घरी आहे. येत्या रविवारी आम्ही दोघं बघायला जाणार आहोत.