थरथरणारें ग्राइंडर आणि आपोआप तोल साधणारा तुंबा

शेतावर वीज आल्यापासून कोयते, कुऱ्हाडी, खुरपीं आणि कडबा कापण्याच्या यंत्राचीं पातीं यांना धार लावण्यासाठीं लोहाराकडे जाण्याची गरज पुष्कळांना उरलेली नाहीं. पडवींतल्या ओट्यावर विजेचें ग्राइंडर बसविलें कीं काम भागतें. परंतु यंत्र चालूं होतांच ओटा हादरतो, पातें हातांत नाचतें आणि धार सरळ न येतां लाटालाटांची येते, अशी तक्रार जिकडे तिकडे ऐकूं येते. यावर उपाय म्हणून चाकाचा तोल आपोआप साधणारा तुंबा विकत घ्यावा, असा सल्ला देण्यांत येतो. हा सल्ला सरसकट मानण्यापूर्वी वाचकांनीं थोडा विचार करावा, असें आम्हांस वाटतें.

प्रथम रोगाचें मूळ पाहूं. बैलगाडीचा तुंबा अर्धा बोट बाजूस सरकला तरी गाडी डुलत कां होईना, चालते. कारण तिचा वेग थोडा. ग्राइंडरची गोष्ट निराळी आहे. साधें ग्राइंडर मिनिटास सुमारें २८८० फेरे घेतें. दीड किलो वजनाचें चाक आंसावर अवघें अर्धा मिलिमीटर बाजूस बसलें, तर या वेगानें त्यास सुमारें सात किलो वजनाइतकी ओढ बसते, आणि ती ओढ दर सेकंदास ४८ वेळां दिशा फिरविते. ओटा हादरतो यांत नवल तें काय ! हेंच चाक १४४० फेऱ्यांनीं फिरविलें, तर ओढ एक चतुर्थांशावर येते. म्हणून नवें ग्राइंडर घेणारानें कमी वेगाचें घ्यावें. धारही कमी तापते.

आतां या तुंब्याविषयीं. त्याच्या पोटांत एक वाटोळी खोबण असून तींत पोलादी गोळ्या मोकळ्या सोडलेल्या असतात. या जातीच्या गोळ्यांचा उपयोग अमेरिकेंतील थिअर्ल नांवाच्या अभियंत्यानें १९३२ सालींच वर्णिलेला आहे. चाक वेगांत आलें म्हणजे या गोळ्या हलक्या बाजूस जाऊन बसतात व तोल सांधतात. चाक झिजून तोल बदलला, तर गोळ्याही आपली जागा बदलतात. हा गुण मोठा आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं.

परंतु त्यास एक अट आहे, आणि ती दुकानदार सहसा सांगत नाहीं. यंत्रास धक्का दिला असतां तें ज्या गतीनें आपण होऊन डुलतें, त्या गतीहून चाकाची गति पुष्कळ अधिक असली, तरच चाकाची हलकी बाजू बाहेर फेंकली जाते व गोळ्या तिकडे धांवतात. चाकाची गति त्याहून कमी असेल, तर जड बाजूच बाहेर राहते. गोळ्या तिलाच जाऊन मिळतात आणि हादरा दुप्पट होतो. हातांत धरून चालविण्याच्या कांहीं ग्राइंडरांत आणि कपडे धुण्याच्या कांहीं यंत्रांत ही युक्ति साधते, कारण तीं यंत्रें हातावर किंवा स्प्रिंगांवर मोकळीं डुलूं शकतात. सिमेंटच्या ओट्यास बोल्टांनीं जखडलेलें ग्राइंडर तसें डुलत नाहीं. तेथें हा तुंबा घालणें म्हणजे पैसे देऊन हादरा विकत घेणें होय.

मग करावें काय ? पैसा न लागणारे उपाय आधीं. नवें चाक बसविण्यापूर्वी तें कोरडें असतां लांकडी मुठीनें हलकेंच ठोकून पाहावें. खणखणीत नाद आला तर चाक अखंड. बद आवाज आला तर तें फेंकून द्यावें. २०० मिलिमीटरच्या चाकाची कड सेकंदास ३० मीटर धांवते. तडकलेलें चाक या वेगानें फुटलें तर जीवावर बेततें, आणि ग्राइंडरपुढें बहुधा आपला मुलगा किंवा गडी उभा असतो, हें विसरूं नये. चाकाचें भोंक आंसावर ढिलें नसावें. दोन्ही बाजूंच्या चकत्या सारख्या मापाच्या, निदान चाकाच्या तिसऱ्या हिश्श्याइतक्या रुंद असाव्या, आणि त्यांच्या आंत कागदी चकती असावी. त्यानंतर डोळ्यांवर चष्मा घालून ड्रेसरनें फिरत्या चाकाची कड वाटोळी करावी. टेकू व चाक यांतील फट तीन मिलिमीटरांहून अधिक ठेवूं नये. बहुतेक ग्राइंडरांचा हादरा एवढ्यानेंच कह्यांत येतो.

इतकें करूनही चाक हादरलें, तर दोष चाकाच्या घडणींत आहे असें समजावें. तेथें हातानें सरकविण्याचीं वजनें असलेला तुंबा घ्यावा. चाक व तुंबा एका सळईवर चढवून ती दोन समपातळींतील पट्ट्यांवर ठेवावी. जड बाजू खालीं येते. वजनें वरच्या बाजूस सरकवीत जावें, म्हणजे चाक कोठेंही ठेवलें तरी स्थिर राहूं लागतें. अरुंद चाकास एवढा तोल पुरतो. यास अर्धा तास लागतो, पण यंत्र जखडलेलें असो वा मोकळें, हा उपाय उलटत नाहीं.

ड्रेसर, सळई व पट्ट्या यांचें काम वर्षांतून दोनचार वेळांच पडतें. प्रत्येकानें तीं वेगळीं घेण्याऐवजीं आपल्या संघाच्या गोदामांत एक संच ठेवून तो सभासदांस पाळीपाळीनें द्यावा, अशी आमची सूचना आहे. आपोआप होणाऱ्या सोयीचा मोह कोणास नसतो ? परंतु ज्या यंत्राचें वर्म आपणांस ठाऊक नाहीं, त्यावर भरंवसा टाकण्यापेक्षां स्वतःच्या हातानें साधलेला तोल अधिक विश्वासाचा, असें आमचें स्पष्ट मत आहे.