थ्री-नॉट-थ्री आणि ओतीव गोळी

‘थ्री-नॉट-थ्री’ हें नांव आमच्या बहुतेक वाचकांच्या कानांवरून गेलेलें असेल. पोलिसाच्या खांद्यावर वर्षानुवर्षें दिसलेली लांकडी दस्त्याची रायफल ती हीच ली-एनफील्ड. तिचें काडतूस इंग्रज सरकारनें १८८८ सालीं स्वीकारलें. पुढें इंग्लंडांत एनफील्ड, ऑस्ट्रेलियांत लिथगो, कॅनडांत लाँग ब्रँच व आपल्याकडे बंगाल्यांत इच्छापूर येथें ह्या रायफली तयार झाल्या. सैन्यांनीं टाकलेल्या ह्या रायफली परदेशांतील हौशी नेमबाजांनीं विकत घेतल्या. विकतचें काडतूस महाग पडत असल्यानें त्यांपैकीं पुष्कळजण झाडलेल्या पितळी पुंगळ्या घरींच पुन्हां भरतात व त्यांवर स्वतः ओतलेली शिशाची गोळी बसवितात. आपल्या देशांत १९५९ च्या शस्त्रकायद्यान्वयें परवान्यावांचून काडतूस तयार करतां येत नाहीं. तेव्हां ही कृति वाचकांनीं करावी, हा आमचा हेतु नव्हे. परंतु काटकसरीस किती सावधपणाची जोड लागते, हें तींत चांगलें दिसून येतें.

लष्करी गोळी १७४ ग्रेन वजनाची, म्हणजे १८० ग्रेनांच्या तोळ्याहून किंचित् कमी. तिच्यावर तांबें व निकेल यांच्या मिश्रधातूचें कवच असून ती सेकंदास सुमारें २,४४० फूट वेगानें निघे. ओतीव गोळीस कवच नसतें. शिसें ३२७ अंश सेंटिग्रेडला वितळतें. साचा नीट भरावा म्हणून त्यांत कथील, व कठीणपणा यावा म्हणून अँटिमनी घालतात. तरीहि लष्करी वेग तिला सोसत नाहीं. नळींतील मळसूत्री खाचांची पकड सुटते, तप्त वायु कडेनें घुसून गोळीस खरवडतो, आणि शिसें नळीस चिकटून बसतें. म्हणून गोळीभोंवतीच्या चरांत मेणाचें वंगण भरतात, बुडाशीं तांब्याची लहानशी वाटी बसवितात, व वेग बहुधा १,५०० ते १,८०० फुटांच्या आंतबाहेर ठेवतात.

पहिला धडा मोजमापाचा. ‘३०३’ म्हणजे इंचाचे ३०३ सहस्रांश. परंतु हें माप खाचा पाडण्यापूर्वींच्या नळीचें. खाचांच्या तळाशीं व्यास ३१३ सहस्रांशांच्या आसपास भरतो, आणि युद्धाच्या घाईंत बनलेल्या कित्येक नळ्यांत त्याहूनहि अधिक. नांवावर विसंबून गोळी ओतली, तर ती सैल पडावयाची. म्हणून जाणता मनुष्य मऊ शिशाचा गोळा नळींतून ठोकून बाहेर काढतो, त्यावरील ठसा मोजतो, आणि आपली गोळी त्याहून एक-दोन सहस्रांश जाड ठेवतो.

दुसरा धडा अधिक महत्त्वाचा. वेग कमी म्हणून दारूहि थोडी, आणि ती बहुधा जलद जळणारी. पुंगळीचा बराच भाग रिकामा राहतो, आणि संकट दडलेलें असतें तें ह्याच रिकाम्या जागेंत. लक्ष क्षणभर उडून एकाच पुंगळींत दारू दोनदां पडली, तरी ती बाहेर सांडत नाहीं. गोळी बसविल्यावर वरून कांहींच कळत नाहीं. नेम धरणाऱ्याचा गाल मात्र त्याच रायफलीस टेकलेला असतो. उलट एखाद्या पुंगळींत दारू पडलीच नाहीं, तर नुसत्या टोपीच्या जोरानें गोळी नळींत अडकते, आणि तिच्यामागून दुसरा बार काढला तर नळी फुटते. पूर्ण भाराच्या पुंगळींत दुप्पट दारू मावतच नाहीं. तेव्हां खांद्याला सौम्य असा जो भार, तोच बेसावध हाताला अधिक घातक.

ह्यावर उपाय शिस्तीचा. दारूचें प्रमाण प्रसिद्ध कोष्टकांतूनच घ्यावयाचें. मेजावर एका वेळीं एकच डबा. काम चालू असतां गप्पा नाहींत. पुंगळ्या फळींत ओळीनें उभ्या करून, गोळी बसविण्यापूर्वीं दिवा धरून प्रत्येकींत डोकावावयाचें. ओतकामाचेंहि तसेंच. वितळलेल्या शिशांत पाण्याचा थेंब गेला, तर वाफ होऊन धातु चहूंकडे उडतो. आणि शिशाचें विष लहान मुलांस विशेष बाधतें. म्हणून हें काम मोकळ्या हवेंत, स्वतंत्र भांड्यांत व मुलांपासून दूर करावयाचें, आणि नंतर हात स्वच्छ धुवावयाचे.

आमच्या वाचकांच्या घरीं रायफल नसेल. औषधाची बाटली मात्र असतेच. एकत्र कुटुंबांत आजारी मुलास सकाळची मात्रा आजीबाईंनीं दिलेली असते, आणि तें ठाऊक नसल्यामुळें काकू पुन्हां देतात. चमचा लहान, औषध गोड, म्हणून कोणास भीति वाटत नाहीं. बाटलीशेजारीं एक कागद ठेवून मात्रा देणारानें तेथें वेळ टिपून ठेवावी, एवढी संवय घरोघर लागली, तर ह्या दूरच्या विषयावर आम्हीं खर्चिलेली जागा वायां गेली नाहीं, असें आम्ही समजूं.