एक छिद्र की चार?

गेल्या रमजानात इफ्तारनंतर तासाभरात माझ्या भाचीला उजव्या बरगडीखाली कळ यायची, ती थेट पाठीपर्यंत जायची. आपाने आधी भज्यांना दोष दिला, मग रिकाम्या पोटाला. ओव्याचं पाणी झालं, गॅसच्या गोळ्या झाल्या. ईदनंतर वर्ध्यात सोनोग्राफी केली तेव्हा पित्ताशयात खडे निघाले. शेजारच्या चाचींनी लगेच पथरी विरघळवणाऱ्या पुड्यांचा पत्ता दिला. पण त्या पुड्या मूत्रखड्याच्या. पित्ताशयातला खडा लघवीवाटे पडत नाही, आणि नुसते खडे काढूनही भागत नाही, कारण ते पुन्हा होतात. म्हणून पिशवीच काढतात. (खडे आहेत पण त्रास कधीच नाही, अशांना बहुधा ऑपरेशन लागत नाही, हेही लक्षात ठेवा.)

खरा पेच पुढेच होता. मुलगी बावीस वर्षांची, रिश्त्याची बोलणी चालू. आपाला कुणीतरी सांगितलं की आता बेंबीतल्या एकाच छिद्रातून ऑपरेशन होतं आणि डाग दिसतसुद्धा नाही. आमचे सर्जन मात्र चार छिद्रं म्हणाले. "डॉक्टर जुन्या वळणाचे दिसतात," असं घरात ठरलं. कबूल करते, मीही त्याच मताची होते. तरी एकदा विचारावं म्हणून आपाला घेऊन पुन्हा गेले.

त्यांनी कागदावर चित्र काढलं. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात. बेंबीतून दुर्बीण जाते, छातीच्या हाडाखालच्या छिद्रातून मुख्य हत्यार आणि उजवीकडच्या दोन बारीक छिद्रांतून पिशवी उचलून धरणारे चिमटे. छिद्रं साधारण ५ ते १० मिलिमीटरची. चार बाजूंनी हात पोहोचल्यामुळे पिशवी नीट ताणता येते आणि तिची नळी व रक्तवाहिनी वेगवेगळी ओळखता येते. मुख्य पित्तनलिकेला चुकून कात्री लागली तर रुग्णाचं पुढचं आयुष्य कठीण होतं. सगळी काळजी तिथेच घ्यायची असते.

एका छिद्रात सगळी हत्यारं दाटीने जातात आणि एकमेकांवर आपटतात. वेळ जास्त लागतो. बेंबीतला छेद मोठा असल्याने पुढे तिथे हर्निया होण्याचा धोका थोडा वाढतो. दुखण्यात फारसा फरक नसतो. खरा फायदा एवढाच की डाग लपतो. काही सर्जन तीन छिद्रांतही करतात, पण पोटात सूज किंवा चिकटलेपण असेल तर तेही चौथं घेतातच.

एक छिद्र म्हणजे सुधारणा, असं आपण आपोआप धरून चालतो. आपल्याकडे दुर्बिणीने पित्ताशय काढणं सुरू झालं ते १९९० मध्ये, मुंबईत, डॉ. तेहमटन उदवाडिया यांच्या हातून. त्याआधी बरगडीखाली वीतभर चीर असायची. आमच्या फुफीच्या पोटावर ती होती. तिच्यापुढे हे चार टिकलीएवढे डाग म्हणजे काहीच नाही, पण आपाला हे सांगून उपयोग नव्हता.

ऑपरेशनआधी मी तीन प्रश्न विचारले. ही पद्धत तुम्ही नेहमी करता का? मुख्य नळीत खडा नाही ना? अडचण आली तर पोट उघडाल का? तिसऱ्यावर डॉक्टर म्हणाले, "हो, लगेच. तेव्हा त्याला ऑपरेशन फसलं म्हणू नका." हे ऐकून मला धीर आला. संमतीच्या कागदावर सही करण्याआधी हे घरच्यांनाही सांगून ठेवा.

दुसऱ्या दिवशी भाची घरी आली. पोटापेक्षा खांदाच जास्त दुखत होता, तेव्हा आपा घाबरली. आत उरलेल्या गॅसमुळे तसं होतं, दोन-तीन दिवसांत थांबलं. मात्र ताप आला, डोळे पिवळे दिसले किंवा पोटदुखी वाढत गेली तर वाट न बघता परत न्यावं. काढलेली पिशवी तपासणीला पाठवली होती. त्याचा रिपोर्ट आणायला कुणी जात नव्हतं, शेवटी शाळा सुटल्यावर मीच जाऊन आणला. साधी सूज, बाकी काही नाही.

डाग आता शोधावे लागतात. आपा अजून अधूनमधून म्हणते, एकच केलं असतं तर? भाची म्हणते, "अम्मी, या रमजानात भजी मीच तळणार."