अण्णासाहेबांचे घर

९ नोव्हेंबर हा महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा स्मृतिदिन. १९६२ साली याच दिवशी, वयाची एकशे चार वर्षे पुरी करून, अण्णासाहेब गेले. दरवर्षी पुण्यात त्यांच्या पुतळ्याला हार घातला जातो, शाळाशाळांतून भाषणे होतात, आणि भाषणांत ठरलेले टप्पे येतात: पुनर्विवाह, हिंगण्याचा आश्रम, महिला विद्यापीठ, भारतरत्न. यातला प्रत्येक टप्पा खरा आहे आणि एकेकासाठी एकेक आयुष्य खर्ची पडावे एवढा मोठा आहे. पण या सगळ्यात अण्णासाहेबांचा संसार कुठेच नसतो. ते चार मुलगे वाढवणारे गृहस्थ होते, गणित शिकवून महिन्याच्या पगारात घर चालवणारे मास्तर होते. त्यांचे सारे सार्वजनिक काम याच घराचा उंबरा ओलांडून बाहेर पडले आणि त्या कामाची किंमतही बरीचशी याच घराने मोजली. यंदा त्या घराविषयी बोलले पाहिजे.

कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या शेरवलीचा. घर मात्र दापोलीजवळच्या मुरूडचे, आणि परिस्थिती बेताची. तिथल्या सोमण गुरुजींनी या पोराला नुसते शिकवले नाही, गावाच्या कामाला जुंपले. देवळात चार माणसे जमवून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे काम धोंडूकडे असे. सतराव्या वर्षी सरकारी परीक्षेला बसायचे म्हणून तो सोबत्यांबरोबर मुरूडहून साताऱ्याला पायी निघाला. शंभराहून अधिक मैलांची वाट, मध्ये सह्याद्रीचा घाट. एवढे करून पोचल्यावर परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी त्याच्याकडे पाहिले आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून परत पाठवले. मूर्ती लहान, चण किरकोळ. आला तसा तो परत गेला आणि पुढल्या खेपेला कोल्हापुरातून परीक्षा पास झाला. अण्णासाहेबांचा पुढचा स्वभाव या एका फेरीत दिसतो. नकार मिळाला तर ते भांडत नसत, पण वाटही सोडत नसत.

मुंबईत शिकून ते १८८४ साली गणित घेऊन बी.ए. झाले आणि शाळांतून शिकवू लागले. एका नोकरीत भागत नव्हते, म्हणून शिकवण्याही होत्याच. पहिले लग्न पंधराव्या वर्षी झालेले. पत्नी राधाबाई तेव्हा आठ वर्षांच्या. १८८२ मध्ये रघुनाथ झाला. १८९१ साली राधाबाई गेल्या आणि नऊ वर्षांचे पोर बापाच्या पदरात राहिले. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून कर्वे पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक म्हणून आले. १९१४ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी ती नोकरी केली. आश्रम काढला तेव्हा, हिंगण्याला झोपडी बांधली तेव्हा, महिला विद्यालय सुरू केले तेव्हा, ते रोजच्या रोज तास घेणारे शिक्षक होते हे आपण विसरतो. समाजसुधारणा ही त्यांची कॉलेज सुटल्यानंतरची वेळ होती.

पत्नी गेलेल्या तेहतीस वर्षांच्या ब्राह्मण प्राध्यापकाला त्या काळी दहा-बारा वर्षांची मुलगी सहज सांगून आली असती. कर्व्यांनी ठरवले, लग्न करीन तर विधवेशीच. मुंबईत ज्यांच्यासोबत त्यांनी बिऱ्हाड केले होते, त्या नरहरपंत जोशी या मित्राची बहीण गोदूबाई आठव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेली होती. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात दाखल झालेली ती पहिली विधवा विद्यार्थिनी. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात त्यांचे लग्न झाले आणि गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पुढे साऱ्या महाराष्ट्राने त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखले. विधवाविवाहावर त्यापूर्वी पन्नासएक वर्षे भरपूर लिहून-बोलून झाले होते. भाषणे करणाऱ्या पुढाऱ्यांपैकीही कित्येकांना स्वतःवर वेळ आली तेव्हा पाऊल उचलता आले नव्हते. कर्व्यांना व्याख्यान जमत नसे. त्यांनी आपल्या घरात काय करायचे ते केले.

त्याचा जाब मुरूडने विचारला. गावाने ठराव करून कर्व्यांवर बहिष्कार टाकला, आणि त्यांना घरात घेतील तर घरच्यांवरही. त्यामुळे मुरूडला गेले की आईच्या, थोरल्या भावाच्या घरी उतरायची सोय नाही. गावात असून वेगळे राहायचे. नव्या सुनेला घेऊन आलेल्या माणसाला आईच्या पंगतीला बसता येऊ नये, यापेक्षा अधिक काय बोचणार! पण या माणसाने मुरूडचा राग धरला नाही. गावाच्या कामासाठी त्यांनी उभारलेला फंड गावासाठीच राहिला. कुटुंबावर प्रेम करणारी माणसे पुष्कळ असतात. ज्या कुटुंबाचे दार आपल्यावर बंद झाले आहे, त्याच्याशी नाते टिकवून धरायला फार वेगळ्या ताकदीची माया लागते.

इथवरची कथा ऐकायला सरळ वाटते. पुढची तेवढी सरळ नाही, आणि स्मृतिदिनाच्या भाषणांत नेमकी तीच गाळली जाते.

१८९६ साली कर्व्यांनी विधवा मुलींसाठी अनाथ बालिकाश्रमाची संस्था काढली. अध्यक्षस्थानी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर. संस्थेच्या पायात कर्व्यांनी आपली शिल्लक घातली आणि आयुष्याची विम्याची पॉलिसीही संस्थेच्या नावाने करून दिली. फर्ग्युसनमधला पगार तुटपुंजा, त्यात ती पॉलिसी म्हणजे घरधनी गेला तर बायकामुलांना उरणारा एकमेव आधार. बायांचा पहिला मुलगा शंकर तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता. एकदा वैधव्य भोगून उठलेल्या बाईला ‘उद्या हे नसले तर?’ हा प्रश्न कोणत्याही सुधारकापेक्षा अधिक कळत होता. तिने तो विचारला. ‘माझे पुराण’ या आत्मकथनात बायांनी अशा गोष्टी कुठलाही आडपडदा न ठेवता सांगितल्या आहेत. त्यात नवऱ्याविषयी आदर आहे आणि तक्रारही आहे. स्वतःच्या पायावर उभे राहता यावे म्हणून बाया पुढे सुईणीचे काम शिकल्या. अण्णासाहेब जगाच्या विधवांची तजवीज करत होते, आणि बायांना स्वतःची तजवीज स्वतःच करावी लागत होती.

गणेश गोविंद गोखल्यांनी हिंगण्याला जमीन दिली आणि १९०० साली आश्रम तिथल्या झोपडीत गेला. प्लेगचे दिवस. हिंगणे म्हणजे आज दुकानांच्या पाट्यांनी गजबजलेले कर्वेनगर. तेव्हा तिथे माळरान होते आणि जायला धड रस्ता नव्हता. दिवसभर फर्ग्युसनमध्ये शिकवायचे, संध्याकाळी आश्रमाला लागणारे सामानसुमान घेऊन चारेक मैल चालत हिंगणे गाठायचे, मुलींना शिकवायचे, रात्री तिथेच राहायचे आणि सकाळी पुन्हा चालत पुण्याला यायचे. पावसाळ्यात वाट चिखलाची. हा क्रम एका उत्साही आठवड्याचा नव्हता, दीर्घकाळ चालला होता. या वाटेवरून चालणाऱ्या कर्व्यांची चित्रे आपण मुलांना दाखवतो, आणि दाखवलीच पाहिजेत. फक्त त्याच रात्री पुण्याच्या बिऱ्हाडात लहान मुले घेऊन कोण बसले होते, हेही सांगितले पाहिजे.

आणखी एक गोष्ट बायांना जन्मभर लागून राहिली. आश्रमात मुली पाठवणारे पालक आणि पैसे देणारे देणगीदार यांना पुनर्विवाहाची धास्ती होती. आश्रमात गेली की आपली मुलगी लग्न करून मोकळी होईल, अशी. त्यांचा विश्वास राहावा म्हणून कर्व्यांनी पुनर्विवाहाच्या चळवळीतून अंग काढून घेतले आणि आश्रम त्यापासून कटाक्षाने लांब ठेवला. पण चळवळीपासून लांब राहणे म्हणजे बायांपासूनही लांब राहणे होते, कारण पुनर्विवाहाचे चालतेबोलते उदाहरण त्याच होत्या. नवऱ्याने उभ्या केलेल्या विधवांच्या आश्रमात विधवा होऊन पुन्हा संसारात आलेल्या बायकोने मोकळेपणी वावरायचे नाही, अशी ती सोय होती. आमच्या मते हा बायांवर झालेला अन्याय होता. अण्णासाहेबांनी तो जाणूनबुजून पत्करला, कारण नाही तर आश्रमच राहिला नसता आणि शेकडो मुली माजघरातल्या अंधारातच राहिल्या असत्या. या दोन गोष्टींची बेरीज करता येत नाही. दोन्ही शेजारी ठेवूनच हे चरित्र वाचावे लागते.

बायांनी कटुता धरून काम मात्र सोडले नाही. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले ऐन विशीत विधवा झाली, पदरी एक मुलगा. ती आश्रमात आली, शिकली, तिथली व्यवस्था सांभाळू लागली आणि संस्थेसाठी वर्गणी गोळा करत गावोगाव हिंडली. थेट अमेरिकेपर्यंत गेली. हिंगण्याचा इतिहास हा असा एका घराचाच इतिहास आहे. मेहुणी आश्रम चालवते, पुढे धाकटा मुलगा भास्कर आणि सून कावेरी तिथल्याच कामात जन्म घालतात. ‘माझे पुराण’ वाचकांपुढे आले तेही कावेरीबाईंमुळे. आणखी एक चिरंजीव दिनकररावांनी रसायनशास्त्र शिकवले आणि ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्यांच्या पत्नी इरावती कर्वे मानवशास्त्रातल्या मोठ्या विदुषी. शंकर डॉक्टर होऊन पूर्व आफ्रिकेत गेले. आणि थोरले रघुनाथ! वडिलांसारखेच गणिताचे प्राध्यापक, वडिलांसारखेच आपल्या मताचे पक्के. संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ मध्ये त्यांना विल्सन कॉलेजची नोकरी सोडावी लागली आणि १९२७ पासून मरेपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. बापाने मुलांना आपल्या वाटेवर ओढले नाही. एकाच छपराखाली वाढलेली ही माणसे इतक्या वेगवेगळ्या दिशांना इतकी दूरवर गेली, यात त्या छपराचा काही गुण असणार. या घरात मते मांडायला बंदी नव्हती. बाया नवऱ्याविरुद्ध लिहू शकल्या, यातही तेच दिसते.

१९१६ साली महिला विद्यापीठ निघाले. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचल्यापासून ही कल्पना कर्व्यांच्या मनात घर करून होती. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला लागले. हे सर्वांना ठाऊक आहे. त्याहून आम्हाला १९३६ साल जवळचे वाटते. वय अठ्ठ्याहत्तर. विद्यापीठ झाले, जगाचा प्रवास झाला, आता आरामात बसावे तर या गृहस्थाने खेड्यापाड्यांतल्या शाळांसाठी नवे मंडळ काढले आणि सुरुवातीची वर्गणी आपल्या निवृत्तिवेतनातून घातली. जिथे सरकारी शाळा पोचली नव्हती अशा वाड्यावस्त्यांवर प्राथमिक शाळा काढायच्या, एवढेच त्याचे काम. आश्रमाची दारे सुरुवातीला वरच्या जातींतल्या विधवांपुरतीच उघडली होती, ही कर्व्यांच्या कार्याची मोठी मर्यादा. गावोगावच्या या शाळा आणि १९४४ मध्ये काढलेला समता संघ, हे त्या मर्यादेला त्यांनी स्वतः दिलेले उशिराचे पण मनापासूनचे उत्तर होते, असे आम्ही समजतो. बाया १९५० मध्ये गेल्या. सत्तावन्न वर्षांचा संसार झाला. १९५८ साली शंभरी आणि भारतरत्न एकाच वर्षी आले तेव्हा तो मान पाहायला त्या नव्हत्या.

हे सारे आज सांगायचे कारण जुने नाही. महाराष्ट्रात आजही कितीतरी उच्चशिक्षित प्राध्यापक तासिका तत्त्वावर शिकवतात. जितके तास तितके पैसे, सुट्टी लागली की तेही बंद. शाळेत नव्याने लागणारा शिक्षणसेवक पहिली तीन वर्षे मानधनावर असतो. यातला कुणी संसाराची अडचण बोलून दाखवू लागला की त्याला शिक्षकी पेशा हे व्रत असल्याची आठवण करून दिली जाते, आणि बहुतेक वेळा त्याच वाक्यात कर्व्यांचे नाव येते. अण्णासाहेबांचा हा गैरवापर आहे. त्यांनी त्याग केला तो स्वतःहून, आणि त्याची झळ घरादाराला कशी लागली ते बायांच्या पुस्तकात छापलेले आहे. शासनाने आणि संस्थाचालकांनी आपला खर्च वाचवण्यासाठी दुसऱ्याच्या बायकामुलांवर लादलेली ओढाताण हा त्याग नव्हे. कर्व्यांचे नाव घ्यायचे असेल तर आधी शिक्षकाचा पगार वेळेवर आणि पुरेसा द्यावा. कारण खुद्द कर्व्यांचा शिरस्ता तोच होता: आश्रमाच्या मुलींचे जेवणखाण, वह्यापुस्तके यांची तरतूद झाली की नाही हे हिंगण्याच्या वाटेवर चालताना ते स्वतः पाहत असत.

शाळांना आमची एक सूचना आहे. अण्णासाहेबांचे ‘आत्मवृत्त’ शिक्षक मुलांना वाचून दाखवतात, त्यातले उतारे भाषणांत येतात. या ९ नोव्हेंबरला वर्गात त्याच्या जोडीने ‘माझे पुराण’ही उघडावे. एक प्रकरण यातले, एक त्यातले. वाचून झाल्यावर कोणते पटले, हे मुलामुलींनाच विचारावे, आणि त्यांनी बायांची बाजू घेतली तर मास्तरांनी ती खोडून काढू नये.