कवितेला संपादक हवा

जपानमधील आपल्या मंडळींत कवींची वानवा नाही. वानवा आहे ती नियतकालिकाची. जयंती जवळ आली की व्हॉट्सॲपवर कवितांचा पूर लोटतो. दोन दिवसांत कवीचे नाव गळून पडते, महिन्याभरात कविताही हरवते. “एवढे पुरे, ऑनलाइन त्रैमासिक हवे कशाला?” असे विचारणाऱ्या बांधवांशी माझा स्पष्ट मतभेद आहे. नाव आणि तारीख नसलेला तपासणी अहवाल आम्ही डॉक्टर ग्राह्य धरीत नाही. कवितेलाच ही सवलत का?

१९६० च्या दशकाअखेर डॉ. गंगाधर पानतावणे यांनी तेव्हाच्या औरंगाबादेत ‘अस्मितादर्श’ उभे केले. दलित कवीला त्या वेळी कोरडे कौतुक नको होते. बारकाईने वाचणारा, निवडणारा संपादक हवा होता. जपानी माणसाला हे पटवावे लागत नाही. मात्सुयामा येथे १८९७ साली निघालेले ‘होतोतोगिसु’ हे हायकूचे मासिक आजही निघते!

खर्चाची सबब तर टिकतच नाही. कागद, छपाई, टपाल, काहीच लागत नाही. शिवाय येथील राष्ट्रीय डाएट ग्रंथालय नियतकालिकांना आयएसएसएन क्रमांक देते आणि असा क्रमांक असलेली, जपानमध्ये प्रसिद्ध होणारी विनामूल्य ऑनलाइन नियतकालिके १ जुलै २०१३ पासून कायद्यानुसार जतन करते. म्हणजे आपली मराठी कविता तेथे कवीच्या नावानिशी राहू शकते. मग अडले कोठे? केवळ संपादक नेमण्यापाशी. तो मात्र असा नेमावा, की जो संघटनेच्या अध्यक्षांची कविताही साभार परत करील.