आराखडा कोणासाठी?
मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरविले होते : मोकळ्या जागा, सार्वजनिक गृहनिर्माण आणि मालक. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तिच्यावर शिक्कामोर्तब केले. लालबाग-परळचा श्रमिक डोंबिवली-विरारकडे लोटला गेला. चाळीतला गणेशोत्सव, भजनी मंडळ आणि शेजारधर्म विस्कटला. २०१८ मध्ये लागू झालेल्या ‘विकास आराखडा २०३४’सोबत दहा लाख परवडणाऱ्या घरांची घोषणा झाली. ती घरे कोणाला आणि कोठे? मूळ रहिवाशाला त्याच वस्तीत घर, हे बंधन आराखड्यातच हवे. आणि तेही पुन्हा एका दुरुस्तीने पुसले जाणार नाही असे!