आत गेलेली मैत्रीण

आपल्या शिबिरांत एक प्रश्न हमखास निघतो. चळवळीतल्या बाईने निवडणूक लढवावी का? काही जणी म्हणतात, सत्तेत गेली की ती आपली राहत नाही. काही विचारतात, बाहेर उभे राहून निवेदने तरी किती वर्षे द्यायची? रात्री उशिरापर्यंत वाद रंगतो आणि सकाळी आपण पुढच्या सत्राकडे वळतो. ती आत गेल्यावर बाहेरच्या आपण काय करणार, हे मात्र कोणीच विचारत नाही. युक्रेनमधील पत्रकार आणि पुढे खासदार झालेल्या स्वितलाना झालिश्चुक यांची वाटचाल समजून घेताना ही उणीव मला फार जाणवली.

झालिश्चुक यांनी कीव्हच्या विद्यापीठात पत्रकारितेचे शिक्षण घेतले. २०१० मध्ये व्हिक्टर यानुकोविच राष्ट्राध्यक्ष झाले आणि वृत्तपत्रे-वाहिन्यांवर दबाव वाढू लागला. तेव्हा सेन्सॉरशिपविरुद्ध उभ्या राहिलेल्या पत्रकारांच्या चळवळीत त्या होत्या. त्यानंतर त्यांनी सहकाऱ्यांबरोबर ‘चेस्नो’ ही मोहीम उभी केली. चेस्नो म्हणजे प्रामाणिकपणे. लसणाला युक्रेनी भाषेत ‘चास्निक’ म्हणतात. उच्चार जवळचे, म्हणून लसणाची गड्डी हेच मोहिमेचे चिन्ह झाले. २०१२ च्या निवडणुकीत या मोहिमेने उमेदवारांना साध्या कसोट्या लावल्या. उत्पन्न आणि राहणीमान यांचा मेळ बसतो का? सभागृहात हजेरी किती? निवडून आल्यावर पक्ष बदलला का? स्वतःचे मत स्वतः दिले का? हा शेवटचा प्रश्न वाचून हसू येईल. पण तिथे गैरहजर सदस्याच्या नावाचे बटण शेजारच्याने दाबण्याची रीतच पडून गेली होती.

२०१३-१४ च्या हिवाळ्यात कीव्हच्या मैदान चौकात मोठे आंदोलन झाले आणि यानुकोविच यांना देश सोडावा लागला. ऑक्टोबर २०१४ च्या निवडणुकीत नवे राष्ट्राध्यक्ष पेत्रो पोरोशेंको यांच्या पक्षाच्या यादीतून झालिश्चुक संसदेत गेल्या. मुस्तफा नायेम आणि सेर्गी लेश्चेंको हे पत्रकारही याच यादीतून निवडून आले. पोरोशेंको बडे उद्योगपती, एका दूरचित्रवाणी वाहिनीचे मालक. राजकारणातल्या पैशावर बोट ठेवणाऱ्या पत्रकारांसाठी हे पाऊल सोपे नव्हते. आत गेल्यावरही हे तिघे भ्रष्टाचाराच्या प्रश्नावर आपल्याच पक्षाच्या नेतृत्वावर टीका करत राहिले, हे नोंदवले पाहिजे.

त्या संसदेत स्त्रिया होत्या सुमारे १२ टक्के. देशाच्या पूर्व भागात युद्ध सुरू होते. या युद्धाचा स्त्रियांवर काय परिणाम होतो आहे, हे झालिश्चुक यांनी संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर मांडले. त्यानंतर समाजमाध्यमांवर एक बनावट संदेश फिरू लागला. अमुक लढाई आपण हरलो तर मी राजधानीच्या रस्त्यांवरून विवस्त्र धावेन, असे त्यांनीच लिहिल्याचे त्यात भासवले होते. सोबत त्यांची खोटी नग्न छायाचित्रे जोडलेली होती.

यात नवे काय? तंत्र नवे, हत्यार जुनेच. बाईच्या मुद्द्याला उत्तर नसले की तिच्या शरीराकडे वळायचे. पुरुष खासदाराला नामोहरम करायचे तर त्याच्या मालमत्तेचे कागद शोधावे लागतात. बाईसाठी एक खोटे छायाचित्र पुरते. ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या बायकांबरोबर काम करणाऱ्या आपणा सर्वांना हे ओळखीचे आहे. सरपंच बाईने खर्चाचा हिशोब मागितला की दुसऱ्या दिवशी पारावर चर्चा होते ती तिच्या चारित्र्याची.

अशा वेळी ‘राजकारणात गेली की असे व्हायचेच’ असे आपणच म्हणतो. हे वाक्य शहाणपणाचे वाटते, पण त्याने बळ मिळते ते बदनामी करणाऱ्याला.

त्या काळात युक्रेनमध्ये जे बदलले, ते कोणा एकटीमुळे बदलले नाही. ४५० प्रकारची कामे स्त्रियांना बंद करणारा आरोग्य मंत्रालयाचा १९९३ चा आदेश २०१७ मध्ये रद्द झाला. त्याच वर्षी कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा मंजूर झाला. डिसेंबर २०१९ च्या निवडणूक संहितेने पक्षांच्या याद्यांत ४० टक्क्यांची अट घातली. सभागृहातल्या वेगवेगळ्या पक्षांच्या स्त्रिया आणि बाहेरच्या संघटना यांनी दोन्हीकडून रेटा लावला, तेव्हा हे घडले.

खुद्द झालिश्चुक २०१९ मध्ये पुन्हा निवडून आल्या नाहीत. पुढे २०२४ मध्ये स्वीडनमधील राजदूत म्हणून त्यांची नेमणूक झाली. आणि ‘चेस्नो’? ती मोहीम चालूच राहिली. संस्थापकांपैकी एक जण खासदार झाली म्हणून तिने हाताचा मापदंड खाली ठेवला नाही. मला यातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. आत गेलेलीही मोजली जाते, आणि मोजणारे टिकून राहतात.

महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना निम्म्या जागा २०११ मध्ये मिळाल्या. लोकसभा-विधानसभांतील एक तृतीयांश जागांचा कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला. आपल्यातल्या कोणीतरी उभ्या राहणार, हे उघड आहे. मग मैत्रिणींनो, अर्ज भरण्याआधीच गटात बसून काही गोष्टी ठरवू या. तिच्यावर चिखलफेक झाली तर त्याच दिवशी जाहीर उत्तर कोण देईल? ती कशी वागते याचा हिशोब कोण ठेवेल, आणि ती चुकली तर तिच्या तोंडावर कोण सांगेल? ती हरली, तर सोमवारच्या बैठकीत तिची जागा तिच्यासाठी राखलेली असेल ना?

हे प्रश्न न सोडवता आपण तिला पाठवली आणि ती एकटी पडली, तर ‘बघ, ती आपली राहिली नाही’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.